पुसलेली त्रेसष्ट उत्तरं

मंगळवार, १४ ऑक्टोबर

ही वही मी स्वतःहून सुरू केलेली नाही. आजच्या वर्गातला तो गृहपाठ आहे, आणि मी त्या वर्गाची विद्यार्थिनी नाही.

आधी माहिती. माझी कंपनी शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये आहे. कोणते विषय चालू ठेवावेत आणि कोणते बंद करावेत, याचा अहवाल आम्ही कॉलेजांना करून देतो. त्यातली आकडेमोड माझ्याकडे असते. या कॉलेजचा अहवाल सप्टेंबरअखेर गेला. एकाहत्तर विषयांत सगळ्यात खाली आहे 'अभिजात चिनी आणि कन्फ्यूशियन नीतिविचार'. आमची शिफारस बंद करण्याची आहे. कॉलेजचं बोर्ड १३ नोव्हेंबरला ठरवेल. तोपर्यंत तळाच्या विषयांच्या वर्गांत बसून निरीक्षण लिहायचं, अशी करारात अट आहे. ते काम मला मिळालं, कारण कॉलेज माझ्या घरापासून बावीस मिनिटांवर आहे.

शिक्षिका मराठी निघाल्या. आमच्या तक्त्यांत शिक्षकांची नावं नसतात, फक्त विषयांचे क्रमांक असतात, त्यामुळे मला माहीत नव्हतं. मालिनी नाव, वय सदुसष्ट. मी मागच्या बाकावर लॅपटॉप उघडला, तर त्या थेट मराठीत म्हणाल्या, "इला ना? कुठली गं?"

"नागपूर."

"अगं मग मागे कशाला? पुढे ये. निरीक्षण पुढूनही करता येतं."

एकोणीस विद्यार्थी. पंचाहत्तर मिनिटांत अकरा अक्षरं वाचून झाली. मी वेळ मोजत होते. एक अक्षर घ्यायचं, दोन हजार वर्षांत कुणी त्याचा काय अर्थ लावला ते बघायचं, आणि मग प्रत्येकाने आपण कुणाशी सहमत आहोत ते सांगायचं. माझ्या कामात याला अतिशय संथ प्रक्रिया म्हणतात.

शेवटी गृहपाठ. जुने विद्वान एक वही ठेवत. दुसऱ्याचं काम करताना मी कुठे कमी पडलो, कुठे खोटं वागलो, हे रोज स्वतःला विचारायचं आणि लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. मरिसोल नावाची नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणाली, "पण मग आम्ही लिहिलं की नाही ते तुम्हाला कसं कळणार?"

"मला नाहीच कळणार," त्या म्हणाल्या.

मरिसोल त्यांना 'काकू' म्हणते. आयोवाहून आलेला सव्वासहा फुटी मुलगाही 'काकू' म्हणतो. सगळेच म्हणतात. फार वर्षांपूर्वी एका मराठी मुलाने तशी हाक मारली, आणि पुढे कॉलेजात तेच त्यांचं नाव झालं. बऱ्याच जणांना खरं नाव माहीतही नाही.

याबद्दल उद्या लिहीन.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

'उद्या' लिहिलं होतं, आज परवा आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे.

अहवालात एक पान माजी विद्यार्थ्यांच्या पाहणीचं आहे. प्रश्न असा: कॉलेजात शिकलेलं काय तुम्हाला पुढच्या आयुष्यात सर्वांत उपयोगी पडलं, आणि कसं? एकूण ९१२ उत्तरं आली. उत्तरात विषयाचं नाव किंवा क्रमांक सापडला की ते त्या विषयाकडे मोजायचं, असा प्रोग्रॅम मी लिहिला. ज्यांत काहीच सापडलं नाही, ती उत्तरं वेगळ्या यादीत. ती यादी माणसाने वाचायची, असा नियम आहे. नियम मीच लिहिलेला आहे.

२२ सप्टेंबरला आम्ही पाच जण ती यादी मोठ्या स्क्रीनवर बघत होतो. अनोळखी शब्दांत सगळ्यात वर होता 'काकू'. त्रेसष्ट उत्तरांत. माझा मॅनेजर ग्रेग म्हणाला, "काकू? व्हॉट्स दॅट? इला, तुला माहितीये?"

मला माहीत होतं. टीममध्ये भारतीय मी एकटीच. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते असं: आपली पोरं, एवढ्या सरळ प्रश्नाला, डबा देणाऱ्या किंवा घरी जेवायला बोलावणाऱ्या कुठल्या तरी काकूंचे आभार मानत बसली आहेत. कॉलेजच्या अधिकृत पाहणीत. माझे कान तापले. चार अमेरिकन माणसांना 'काकू' म्हणजे काय हे समजावत उभं राहायचं नव्हतं.

मी म्हणाले, "नॉइज." आमच्या भाषेत, मोजायची गरज नसलेला कचरा.

ग्रेग म्हणाला, "ओके, ड्रॉप इट."

मी त्रेसष्ट ओळी निवडून पुसल्या. एकही उघडून वाचली नाही. चार सेकंद लागले असतील.

अभिजात चिनी: ९१२ पैकी शून्य. अहवालात हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. ठळक मी केलं.

मंगळवारी तो आयोवाचा मुलगा "काकू, कॅन यू से दॅट अगेन?" म्हणाला, तेव्हा मला सगळं एकदम कळलं. त्यानंतरची पासष्ट मिनिटं मी नीट टिपणं काढत होते.

लिहून झाल्यावर बरं वाटतं आहे. या पद्धतीचा एवढा फायदा मान्य करायला हवा.

रविवार, १९ ऑक्टोबर

काकूंनी फराळाला बोलावलं. निरीक्षणाचा भाग म्हणून गेले. शिक्षकांशी अनौपचारिक बोलणं झालं तर चांगलं, असं आमच्या नियमावलीत आहे.

त्यांचे यजमान नंदूकाका निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर. दार उघडतानाच म्हणाले, "ये. तूच का ती, दुकान बंद करायला आलेली?"

"नंदू, गप. ती फक्त बघायला आली आहे," काकू आतून म्हणाल्या.

"अगं बघायला आलेलेच बंद करतात."

चकलीचा पहिला घाणा फसल्याचं काकूंनी स्वतः सांगितलं आणि तोच आधी वाढला. नंदूकाकांचं चालूच होतं. "हिनं चाळीस वर्षं चिनी वाचलं. पण चायनीज हॉटेलात ऑर्डर कोण देतं? मी! हिला येतं ते दोन हजार वर्षांपूर्वीचं. वेटर बिचारा हात जोडून इंग्रजीत बोलतो."

"वेटरशी बोलायला शिकलेच नव्हते मी."

मग मी विचारलं. मला ते विचारायचंच होतं, अहवालासाठी नव्हे. "काकू, पण याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर?"

"दर वर्षी विचारतात. डीन विचारतो, मुलांचे आईबाप विचारतात. मी दर वर्षी नवीन उत्तर देते. अजून एकही कुणाला पटलेलं नाही." हसल्या. नंतर हसणं थांबवून म्हणाल्या, "आता तर उत्तर छापूनच आलंय. नऊशे बारा जणांना विचारलं म्हणे. एकानेही माझ्या वर्गाचं नाव घेतलं नाही. अठ्ठावीस वर्षांत एकानेही."

नंदूकाका म्हणाले, "आकडा चुकला असेल. मी पूल बांधलेत, आकडे चुकतात."

"नाही रे. मोठी कंपनी आहे, तपासून दिला असणार. हो ना गं?"

मी म्हणाले, "पाहणीच्या काही मर्यादा असतात."

हे माझं वाक्य शब्दशः लिहून ठेवते आहे.

काकू म्हणाल्या, "लोकांनी आपल्याला ओळखलं नाही तरी मनाला लावून घ्यायचं नाही, हे मी अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे. आणि परवापासून मला झोप नाही. म्हणजे बघ, मी नुसतं शिकवलं, शिकले नाहीच. त्याचीच जास्त लाज वाटते."

त्यांनी डबा भरून दिला. मी नको म्हणाले नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

पाहणीची मूळ फाइल सर्व्हरवर आहे. आम्ही मूळ फाइल कधीच पुसत नाही. आज सकाळी ती उघडून त्रेसष्टही उत्तरं वाचली. एक तास दहा मिनिटं.

एक नर्स आहे. लिहिते, डॉक्टरचं चुकत असताना त्याचा मान न घालवता आणि तरीही त्याला ऐकावंच लागेल असं कसं बोलायचं, ते काकूंच्या वर्गात शिकले; आतापर्यंत दोन रोगी त्यामुळे वाचले असावेत, खात्रीने सांगता येत नाही. एक जण शहराच्या कचेरीत नोटिसा लिहितो. म्हणतो, गोष्टीला तिचं खरं नाव द्यायचं हे काकूंनी डोक्यात बसवलं, म्हणून घराबाहेर काढलेल्या माणसाला 'स्थलांतरित' लिहिताना अजून हात थांबतो, साहेब वैतागतात. एक अंत्यविधीचं काम करणारा आहे: विधी मेलेल्यांसाठी असतात असं मला वाटायचं, काकूंमुळे कळलं की जिवंत माणसांच्या हातांना त्या वेळी काही तरी करायला हवं असतं. एकाने लिहिलं आहे की वर्ग कंटाळवाणा होता, पण लक्षात राहिलेला तोच. सात उत्तरं एका शब्दाची आहेत. 'काकू.'

घरच्या काकूचे आभार मानणारं एकही नाही.

दुपारी वर्ग. आज काकूंनी एका जुन्या छापील पानाची प्रत वाटली. मधे मूळ ओळ मोठ्या अक्षरात, तिच्याखाली बारीक अक्षरांत टीका, आणि त्या टीकेवर आणखी बारीक टीका. माझ्या लक्षात आलं की ही आमच्या कामासारखी पद्धत आहे: प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव. आयोवाच्या मुलाने विचारलं, पहिल्या टीकाकाराचं चुकलंय हे दुसऱ्याने सिद्ध केलं, तर मग पहिल्याची टीप अजून का छापतात?

काकू म्हणाल्या, "पुसली तर दुसरा कशाचं उत्तर देतोय ते तुला कळणार कसं? चूकही ठेवतात. नावानिशी ठेवतात. त्यांना ती लपवायची गरज वाटत नव्हती, कारण पुढचा माणूस ती सुधारेल याची खात्री होती."

मी खाली बघून टिपणं काढत होते. वर्ग सुटल्यावर काकूंनी मला थांबवलं आणि विचारलं, "बरं वाटत नाही का?"

म्हटलं, "ऊन लागतंय डोळ्यांवर." त्या बाजूला खिडकी नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

ग्रेगशी बोलले. नेमकं काय बोलले ते लिहिते.

मी म्हणाले, "समजा, एखाद्या जुन्या अहवालात वर्गीकरणाची लहानशी चूक सापडली, तर आपली पद्धत काय?"

तो म्हणाला, "इज इट मटीरियल? त्यामुळे निकाल बदलतो का?"

मी म्हणाले, "बहुतेक नाही."

"देन लेट इट गो, इला. क्लायंटने पैसे दिले, फाइल क्लोज्ड."

मोजून बघितलं. त्रेसष्ट धरले तर या पानावर अभिजात चिनी एकाहत्तरावरून चौथ्या क्रमांकावर जातं. निकाल बदलतो. मी ग्रेगला जे उत्तर द्यायला लावलं, तेच मला हवं होतं.

माझा ग्रीनकार्डचा अर्ज कंपनीमार्फत आहे. हे कारण खरं आहे, पण पहिलं नाही. पहिलं असं की ग्रेगला सांगावं लागेल: तू विचारलंस तेव्हा मला अर्थ माहीत होता.

लिहिलं. जरा मोकळं वाटलं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

वर्ग सुरू होण्याआधी काकूंनी सांगितलं की त्यांनी काल निवृत्तीचं पत्र दिलं. मेअखेर जाणार. आवाज नेहमीसारखाच होता. "ज्या वर्गाचा कुणाला उपयोग नाही तो वर्ग अडवून बसणं बरं नाही. चला, पान चौदा."

मरिसोल रडायला लागली. काकू म्हणाल्या, "रडतेस काय? तू अजून परीक्षा दिलेली नाहीस."

मला हे कळून काल तेरा दिवस झाले होते. चौदा तारखेला, पंधराला, अगदी सव्वीसला जरी बोलले असते तरी ते पत्र गेलं नसतं. आता गेलं.

निरीक्षणाच्या तक्त्यात मी लिहिलं: शिक्षिकेचा निवृत्तीचा निर्णय, संक्रमण सुलभ.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नऊ दिवस लिहिलं नाही. दोनदा वर्ग चुकवला, कॉलेजला ईमेल केला की निरीक्षण पुरेसं झालं. आज तरी गेले. कामाचं कारण उरलेलं नव्हतं.

आजचा विषय, वरच्या माणसाला त्याची चूक कशी सांगायची. काकूंचं म्हणणं असं की निष्ठा म्हणजे होकार, हा नंतरच्या राजांना सोयीचा अर्थ आहे. जुन्या विचारात जवळच्या माणसाने चूक सांगितली नाही तर तोच खरा द्रोह. आईबापांनाही सांगायची, हळू सांगायची, नाही ऐकलं तर पुन्हा सांगायची, पण सांगायचीच.

मरिसोल म्हणाली, "पण चूक आपलीच असेल तर? आणि वरच्या माणसाला माहीतच नसेल?"

काकू म्हणाल्या, "मग तर सोपं आहे. समजूत घालायची आहे ती एकाच माणसाची."

वर्ग हसला. मीही हसले. बाकी सगळे हसत होते म्हणून.

शनिवार, ८ नोव्हेंबर

त्रेसष्ट उत्तरं छापून घेतली. अकरा पानं. न विचारता काकूंच्या घरी गेले.

नंदूकाका म्हणाले, "आलीस? ये. हल्ली दिसत नाहीस. म्हटलं, दुकान बंद झालं, आता कशाला येतेय."

मी उभी राहूनच सांगितलं. "काकू, तो शून्य चुकीचा आहे. त्रेसष्ट आहेत. मी पुसले."

मग सगळं सांगितलं. क्रमाने, तारखांसह.

काकूंनी पहिलं विचारलं, "पुसलेस का?"

"त्या शब्दाची लाज वाटली."

"कुणापुढे?"

"ऑफिसातल्या लोकांपुढे."

"आणि कळलं कधी, की ती काकू मीच?"

"चौदा ऑक्टोबरला. पहिल्याच दिवशी, दहाव्या मिनिटाला."

नंदूकाकांनी चष्मा काढला. "म्हणजे फराळाला आलीस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो, काका."

"ही झोप नाही म्हणून सांगत होती तेव्हा?"

"हो."

ते उठून आत गेले. आजवर मी त्यांना एकही विनोद न करता खोलीतून जाताना बघितलं नव्हतं.

मी म्हणाले, "काकू, मला माफ करा."

त्या चिडल्या. मोठ्याने नाही. "माझी माफी काय मागतेस? माझं काय गेलं, तीन आठवड्यांची झोप. त्रेसष्ट माणसांनी वेळ काढून लिहिलं. त्यांना वाटतंय, आपलं म्हणणं पोचलं. तू त्यांचं तोंड दाबलंस, आणि ते त्यांना ठाऊकही नाही. त्यांच्याकडे गेलीस का? तुझ्या साहेबाकडे? बोर्डाकडे?"

"नाही. आधी तुमच्याकडे आले."

"कारण मी चकल्या देते."



मग त्यांनी विचारलं, "वही लिहितेस?"

"लिहिते."

"त्यात लिहिलंस हे?"

"सोळा तारखेला."

"लिहिल्यावर हलकं वाटलं असेल."

मी हातातल्या अकरा पानांच्या कडा जुळवल्या.

"दर वर्षी एक तरी निघतो असा. वहीत कबुली दिली की काम झालं असं वाटणारा. वही हलकं वाटायला नाही, इला. न बोलता बसवेनासं व्हावं म्हणून असते. दर वर्षी मी हेच सांगायला विसरते, म्हणजे चूक माझीही आहे. पण तू हुशार आहेस, मला वाटलं तुला कळेल."

पत्र मागे घ्या, मी बोर्डाला सगळं सांगते, असं म्हटलं. त्यांनी मान हलवली. "शून्य ऐकून सही केली आणि त्रेसष्ट ऐकून मागे घेतली, तर मी एवढी वर्षं आकड्याचीच नोकरी केली म्हणायची. मी जाईन. विषय राहिला पाहिजे. तो माझा नाही."

"हे कागद?"

"ठेव तिथे. तुझ्यासमोर नाही वाचणार."

दार त्यांनीच उघडलं. सांभाळून जा म्हणाल्या नाहीत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सोमवारी ग्रेगला लेखी कळवलं: काय पुसलं, कधी, का, आणि २४ ऑक्टोबरला त्याला मी अर्धवट प्रश्न विचारला होता हे. त्याने कंपनीच्या वकिलाला विचारून दुरुस्ती पाठवू म्हटलं; डिसेंबरपर्यंत होईल. बोर्ड आज होतं. मी कॉलेजला दुरुस्त पान स्वतः पाठवलं आणि बोर्डासमोर बोलण्यासाठी नाव दिलं. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात.

काकू आल्या नव्हत्या. ग्रेग दुसऱ्या रांगेत होता. मरिसोल आणि वर्गातले आणखी आठ जण मागे उभे होते. मी कोण आहे, हे त्यांना तोपर्यंत माहीत नव्हतं. मला ते वर्गात बसायला आवडणारी इंडियन इंजिनियर समजत होते.

मी आकडा सांगितला. मग म्हणाले, हा प्रोग्रॅमचा दोष नव्हता. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता आणि मी माहीत नसल्यासारखं केलं. चूक कळल्यानंतर सत्तावीस दिवस मी गप्प होते. त्या दिवसांत मी याच वर्गात बसून, चूक कळल्यावर माणसाने काय करायचं ते शिकत होते. विषयाच्या उपयोगाबद्दल मला एवढंच सांगता येईल की माझ्यावर तो फार हळू चालला, पण चालला. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे आता हा विषय पाहणीत पहिला?"

"नाही. चौथा."

त्यांनी एक वर्षाची मुदत दिली. मेनंतर नवीन शिक्षक नेमायचा, पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं. पुढचा मुद्दा पार्किंगचा होता.

बाहेर मरिसोल माझ्याजवळून गेली. थांबली नाही.

ग्रेग गाडीपाशी आला. "मी तुला सरळ विचारलं होतं, इला. मटीरियल आहे का म्हणून. मला खरं सांगितलं असतंस तर ऑक्टोबरमध्येच दुरुस्त केलं असतं. यू मेड मी पार्ट ऑफ इट." त्याचं बरोबर आहे. मी केलेले आधीचे चार अहवाल आता दुसरं कुणी तरी तपासणार. तोपर्यंत मला नवीन काम नाही, आणि ग्रीनकार्डचा अर्ज थांबवला आहे. तेही बरोबर आहे.

तपासून दिलेले असणार असं समजून माझे अहवाल वाचून कुणी कुणी सही केली असेल, हे मी आज पहिल्यांदा मोजायचा प्रयत्न केला. मोजता आलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

काकूंना दोन ईमेल केले. दुसऱ्याला उत्तर आलं, एका ओळीचं: "त्रेसष्टांना विचारलंस का?"

त्रेसष्टांपैकी एकेचाळीस जणांनी संपर्क दिलेला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या कचेरीने आधी त्यांना फोन केला तर चालेल का एवढंच विचारलं, आणि कुणाचीच हरकत नसल्याने सगळ्यांचे फोन नंबर मला दिले. ईमेल लिहिणं सोपं गेलं असतं, म्हणून फोन करायचं ठरवलं.

पहिला आज सकाळी दहाला. पिओरियाची बाई, शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बघते. मी नाव सांगितलं, काय केलं ते सांगितलं. ती म्हणाली, "कसली पाहणी? मला आठवतसुद्धा नाही. काय लिहिलं होतं मी?"

मी तिला तिचंच उत्तर वाचून दाखवलं. "माझं आणि वडिलांचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. वडिलांना 'तुमचं चुकलं' असं सांगूनही त्यांच्यासमोर ताट ठेवता येतं, हे काकूंच्या वर्गात कळलं. मी दोन्ही केलं."



मग ती म्हणाली, "ते मार्चमध्ये गेले. शेवटपर्यंत माझ्याकडेच जेवायचे. चुकलं हे मात्र कधी मान्य केलं नाही." आणि जरा थांबून, "तुम्ही हे न वाचताच पुसलंत?"

"हो."

"का?"

सांगितलं. इंग्रजीत सांगताना ते आणखी लहान वाटलं.

ती म्हणाली, "इट्स ओके असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"परत एकदा वाचा."

मी परत वाचलं, हळू. ती थँक्यू म्हणाली, मला नव्हे असं वाटलं, आणि फोन ठेवला.

एक झालं. चाळीस राहिले. पुढचा नंबर अंत्यविधीवाल्याचा आहे. वही मिटून तो लावते.